केयूरचं बोरन्हाण

श्वेताच्या घरात एक माणूस कपडे उलटे घालतो. तो चार वर्षांचा आहे. त्याचं नाव केयूर.

शिवण बाहेर, गुळगुळीत बाजू आत. गळ्यामागचं लेबल कात्रीने मुळापासून काढलेलं. लिफ्टमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "अगं, घाईत उलटा घातलास त्याला शर्ट."

"घाईत नाही," श्वेता म्हणते. "आमच्यात असाच घालतात."

समोरची बाई 'आमच्यात' म्हणजे कोणात, याचा विचार करत आपल्या मजल्यावर उतरते. दार बंद झालं की केयूर विचारतो, "आई, आमच्यात म्हणजे कोण?"

"तू आणि मी."

"आणि पप्पा?"

"पप्पांना शर्टाची शिवण टोचत नाही."

श्वेता माझी कॉलेजातली मैत्रीण. कँटीनमध्ये ती सगळ्यांत मोठ्याने हसायची. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायचे, तर ही त्यांच्याकडे बघून आणखी हसायची. पदवी झाल्यावर मी साहित्य पुढे शिकत राहिले. तिने घाटकोपरला कपड्यांच्या दुकानात काउंटर धरला. तिथे ती दोन बोटांत कापड चोळून सांगायची, यात सुती किती आणि फसवणूक किती. मालक तिला सुरतेहून आलेला माल दाखवायचा आणि तिचं तोंड बघायचा.

मग तिचं लग्न झालं. सर्वेश परब. विमानतळावर सामान चढवणाऱ्या कंपनीत शिफ्टची नोकरी. वडील जयवंत गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी रखवालदारी केली, आणि आता ते हॉलमधल्या फोटोत आहेत. आई मालन. भांडुपच्या चाळीतून हे कुटुंब नाहूरच्या उंच इमारतीत आलं, त्याच वर्षी केयूर झाला. श्वेताने नोकरी सोडली. सहा महिन्यांनी परत जाईन म्हणाली होती.

चौथ्या महिन्यात केयूरच्या गालांवर लाल चट्टे आले. सगळे म्हणाले, बाळसं धरतोय. मग चट्टे कोपरांच्या आतल्या घडीत उतरले. गुडघ्यांच्या मागे, मानेवर, कानांच्या पाठीमागे. कातडी जाड व्हायची, सुकायची, फुटायची. थोडी बरी झाली की पुन्हा तेच.

मुलुंडच्या त्वचेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. याला एक्झिमा म्हणतात. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. यात कोणाची चूक नाही. पण आज औषध आणि उद्या बरा, असंही नाही. तो सांभाळावा लागतो. बऱ्याच मुलांचा वाढत्या वयात कमी होतो.

श्वेताने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं.

त्या घरात त्यानंतर एक शब्दप्रयोग रुजला. 'बरा झाला की.' बरा झाला की बालवाडीत घालू. बरा झाला की गावाला नेऊ, देवगडच्या लोकांनी अजून नातू पाहिला नाही. बरा झाला की स्टुडिओत जाऊन फोटो काढू. तिच्या मोबाइलमध्ये केयूरचे हजारभर फोटो असतील. एकातही त्याचे हात उघडे नाहीत. मला हे कळलं तेव्हा मी गॅलरी खालपर्यंत सरकवत नेली. पूर्ण बाह्या. सगळीकडे पूर्ण बाह्या. एप्रिलमध्येसुद्धा.

मी बऱ्याच दिवसांनी तिच्याकडे गेले तेव्हा त्याची आंघोळ चालली होती. "ये, आतच ये," ती न्हाणीघरातून ओरडली. "बाहेर येता येणार नाही. वाट लागेल."

मी दारात उभी राहिले. बादलीत कोमट पाणी. साबण नाही, बाटलीतलं काहीतरी बिनफेसाचं. झटपट आंघोळ, मग मऊ पंचा. तिने त्याला पुसलं नाही. पंचा अंगावर ठेवायचा आणि उचलायचा. ठेवायचा आणि उचलायचा. "पुसायचं नाही, टिपायचं," ती म्हणाली. "शाई टिपतो ना, तसं." अंग ओलं असतानाच तिने डब्यातलं पांढरं क्रीम तळहातभर घेऊन त्याला माखलं. जिथे लाल होतं तिथे आधी ट्यूबमधलं मलम. ते मात्र मोजून. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ. पेरभर मलम मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरतं, हे डॉक्टरांचं माप. जास्त नाही, कमी नाही.

"स्टिरॉइड आहे म्हणून लोक घाबरवतात," ती म्हणाली. "मीही घाबरून एकदा मध्येच बंद केलं. डॉक्टरांनी असा आवाज चढवला ना. म्हणाल्या, शेजारणीला विचारून औषध घ्यायचं तर फी पण तिलाच द्या."

केयूर माझ्याकडे बघत होता. त्याच्या कोपराच्या घडीत भेगा होत्या. मी नजर हलवू शकले नाही आणि ठेवूही शकले नाही.

"जानू मावशी," तो म्हणाला, "तुला खाज नाही येत?"

"नाही रे."

"कधीच?"

"डास चावला तर येते."

तो विचारात पडला. "मग तू दिवसभर काय करतेस?"

 

रात्रीचं मी पाहिलेलं नाही. श्वेता सांगते तेवढंच. तो झोपेत खाजवतो. ती त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून झोपते. सकाळी तिच्या मनगटांवर त्याच्या नखांचे ओरखडे असतात. ते तिने मला दाखवले नाहीत. चहाचा कप पुढे करताना बाही वर सरकली, म्हणून दिसले.

सल्ले तिला जगाने दिले. दूध बंद करा. गाईचं दूधच द्या. अंडं नको. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घाला. बोरिवलीला एक बाबा आहेत. अंधेरीला एक होमिओपॅथ आहेत, अपॉइंटमेंट मिळत नाही पण आमच्या ओळखीने मिळेल. तिने बरंचसं करून पाहिलं. आता ती फक्त मान डोलावते.

सल्ल्यांचं तिला काही वाटत नाही. तिला वाटतं ते घसरगुंडीचं.

इमारतीच्या खाली मुलांची बाग आहे. श्वेताच्याच मजल्यावरची मृणालिनी आपल्या यज्ञेशला घेऊन तिथे येते. यज्ञेश पाच वर्षांचा, दणकट आणि भांडखोर. मृणालिनी बँकेत आहे, बोलायला गोड आहे. केयूर घसरगुंडीवरून खाली आला की ती पर्समधून ओला टिश्यू काढायची आणि घसरगुंडी पुसायची. मग यज्ञेशला बसवायची. "त्याला पटकन इन्फेक्शन होतं हो," ती श्वेताला म्हणायची. "रागावू नका हं."

"मी कशाला रागावू?" श्वेता मला सांगताना म्हणाली. "मी पण घरून टिश्यू न्यायला लागले. ती पुसायच्या आत मीच पुसायचे. दोघी मिळून घसरगुंडी कसली झकास ठेवली होती, सांगू. सोसायटीने सत्कार करायला हवा."

ती हसली नाही. कॉलेजातली श्वेता अशा विनोदावर टेबल बडवून हसली असती.

मग तिने केयूरला खाली नेणं सोडलं. बरा झाला की नेऊ.

या सगळ्यात तिला एक आधार होता. तिची सासू, मालनकाकी. त्यांना वाचता येतं, पण डब्यांवरचं नाही. तरी कोणतं क्रीम कधी, हे त्यांना पाठ होतं. केयूरला मांडीवर घेऊन त्या मालवणीत गजाली सांगायच्या. त्यात एक कोल्हा असायचा आणि तो नेहमी फणस चोरायचा. श्वेता तेवढ्यात भाजी आणायची, कधी जेवायचीसुद्धा.

हे दिवाळीपर्यंत चाललं.

नरकचतुर्दशीला घरात सगळ्यांना तेल आणि उटणं लागतं. केयूरला चार दिवाळ्यांत एकदाही लागलं नव्हतं. काकींना ते सलत होतं. "चार वर्सा झाली," त्या मला नंतर म्हणाल्या, "पोराच्या आंगाक उटणा लागला नाय. सणाच्या दिवशी आमचोच नातू तसोच." त्यांच्या हिशेबात उटणं म्हणजे झाडपाल्याचं औषधच होतं. चंदन, नागरमोथा, संत्र्याची साल. त्यात वाईट काय असणार?

श्वेता आणि सर्वेश उठायच्या आत त्यांनी पोराला उठवलं. पाटावर बसवलं. तेल लावलं. मग उटणं लावून चोळलं, जसं चोळायचं असतं तसं.

केयूर रडला असता तर त्या थांबल्या असत्या. तो रडला नाही. त्याला बरं वाटत होतं. जिथे जन्मभर खाज येते तिथे पहिल्यांदा कोणीतरी भरपूर खाजवून देत होतं. तो म्हणाला, "आजी, अजून जोरात."

काकींना वाटलं, गुण येतोय. त्यांनी अजून जोरात चोळलं.

दुपारपर्यंत अंग लाल झालं आणि पाझरायला लागलं. दुसऱ्या दिवशी ताप. कातडीतून जंतू आत गेले होते. भाऊबीज इस्पितळात झाली.

तिथल्या बाकावर श्वेता सासूला एकच वाक्य बोलली. "आई, आता त्याला हात लावू नका."

रागातलं वाक्य होतं ते. त्या वेळी कोणीही बोललं असतं. पण काकींनी ते जसंच्या तसं उचललं. त्या दिवसापासून त्यांनी केयूरला हात लावला नाही. तो धावत मांडीकडे आला की त्या सूप घेऊन बसायच्या. त्याने पाठीमागून मिठी मारली की दोन्ही हात वर करून ताठ राहायच्या, झडती घेताना माणूस राहतो तसं. गजाली सांगायच्या, पण लांबून. त्यांच्या हातात कायम काहीतरी असायचं. शेंगा, वाती, ओलं फडकं.

"मागे कसं घेऊ गं ते?" श्वेताने मला विचारलं. "किती वेळा म्हटलं, आई, असू दे, विसरा. त्या म्हणतात, बरोबर बोललीस तू. आणि खरं सांगू का जान्हवे? मला भीती पण वाटते. परत काही केलं तर?"

"मग आता?"

"आता काय. बरा झाला की घेतील जवळ."

संक्रांतीनंतर एका दुपारी तिचा फोन आला. आवाज वेगळा होता.

खालच्या मजल्यावरच्या स्वरदाचं बोरन्हाण झालं होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लहान मुलांचं करतात ते. काळे कपडे, अंगावर हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओततात. हल्ली चॉकलेटंही. जमलेली मुलं ते सगळं लुटतात. श्वेता केयूरला घेऊन दारातूनच बघून आली होती. आत बसली नव्हती.

घरी येऊन तो म्हणाला, "माझं कधी?"

"बरा झालास की."

तो जमिनीवर गाडी फिरवत होता. गाडी फिरवतच त्याने विचारलं, "आणि नाही झालो तर?"

"अगं, रडला नाही, चिडला नाही," श्वेता फोनवर म्हणाली. "मला वाटलं, हा उद्या पाऊस पडला तर काय असं विचारतोय." मग एकदम म्हणाली, "बोरन्हाण पाच वर्षांच्या आत करतात. एप्रिलमध्ये याला पाच पूर्ण. म्हणजे हे शेवटचं. रविवारी ये. काळं घालून ये."

"मुलं येतील?"

"तेच तर बघायचंय ना."

ती स्वतः दारोदार गेली. प्रत्येक दारात तेच बोलली. केयूरला एक्झिमा आहे. तो लागत नाही. डॉक्टरांशी बोलायचं तर नंबर देते. रविवारी मुलाला घेऊन या. मृणालिनी म्हणाली, "बघते हं. यज्ञेशचा ड्रॉइंगचा क्लास असतो." श्वेता म्हणाली, "क्लास शनिवारी असतो. ये." आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरली.

रविवारी मी लवकर गेले. श्वेताने मला आतल्या खोलीत ओढलं. पलंगावर एक खोका होता.

"बाजारातून आणले दागिने. मुकुट, हार, बाजूबंद, मुरली. हात लावून बघ."

मी हार उचलला. हलव्याच्या काट्यांखाली प्लास्टिकची जाळी होती, त्यावर जरीचा दोरा.

"काचकागद आहे नुसता," ती म्हणाली. "मी ठरवलं, दागिने नकोत. खोका बंद करून ठेवला. काल सकाळी उघडला तर हे. उलटा कर."

मी हार उलटा केला. आतून सगळा पांढऱ्या कापडाने मढवला होता. इतकं मऊ कापड मी कधी हाताळलं नव्हतं. बाजूबंद, मुकुटाची कड, सगळ्याला तसंच अस्तर.

"आईंचं पातळ आहे. भांडुपच्या चाळीपासूनचं. शंभर टक्के सुती, आणि धुऊन धुऊन असं झालंय. आता टाके बघ."

मी शोधले. आतल्या बाजूला एकही टाका नव्हता. सगळे टाके बाहेर, हलव्याच्या काट्यांमध्ये लपवलेले.

"काही बोलल्या?"

"नाही. मी पण नाही बोलले. काय बोलू?" तिने हार माझ्या हातून घेतला. "चल. वाट लागायच्या आत सुरू करू."

बायका आल्या. सगळ्या काळ्या साड्यांत आणि काळ्या कुर्त्यांत. मुलं पाचसहा होती. स्वरदा आली. यज्ञेश आला. मृणालिनी त्याला खांद्याला धरून भिंतीजवळ बसली. केयूर पाटावर होता. काळा मलमलीचा सदरा, उलटा. बाह्या अर्ध्या. मी श्वेताकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. "गरम होतं त्याला," ती म्हणाली.

त्याच्या कोपरांच्या घडीत लाल पट्टे होते. बाजूबंदाखाली ते सगळ्यांना दिसत होते. तो मुरली तोंडाला लावून हलवा चाटत होता.

औक्षण झालं. चुरमुरे, बोरं, उसाच्या गंडेऱ्या, हरभऱ्याचे घाटे आणि चॉकलेटं एका परातीत मिसळलेली होती. पहिलं माप घरातल्या मोठ्या बाईने ओतायचं. श्वेताने माप भरून स्वयंपाकघराच्या दाराकडे धरलं. "आई, या."

मालनकाकी दारात उभ्या होत्या. "तुमी करा. माझे हात तिळगुळाचे हत."

"पुसा मग."

"तुमी करा," त्या म्हणाल्या आणि एक पाऊल मागे गेल्या.

श्वेताने क्षणभर वाट पाहिली. मग स्वतःच माप केयूरच्या डोक्यावर धरलं आणि ओतलं. सर्वेश मोबाइलवर चित्रण करत होता. चुरमुरे मुकुटावरून घरंगळले. बोरं खांद्यांवरून, हातांवरून टपाटप पाटावर पडली. चॉकलेटं फरशीवर लांबवर गेली. केयूर डोळे घट्ट मिटून हसत होता.

मुलं उठली नाहीत.

मृणालिनीचा हात यज्ञेशच्या खांद्यावर होता. दुसऱ्या एकीने आपल्या मुलीच्या फ्रॉकचं टोक धरलं होतं. तिसरी पर्समध्ये काहीतरी शोधत होती. सगळ्यांचे डोळे फरशीवरच्या बोरांकडे होते. ती बोरं त्या हातांवरून खाली आली होती.

सर्वेशने मोबाइल खाली केला. श्वेता रिकामं माप धरून उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहू शकले नाही. काकी दारात नव्हत्या. आत भांड्याचा आवाजही येत नव्हता.

केयूरने डोळे उघडले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मुलं जागच्या जागी. चॉकलेटं जागच्या जागी. त्याला जे समजलं ते आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच समजलं नव्हतं.

"सगळं माझं?" त्याने विचारलं.

उत्तराची वाट त्याने पाहिली नाही. डोक्यावरचा मुकुट काढला, उलटा केला, आणि त्यात चॉकलेटं भरायला लागला. आधी लाल कागदाची. मग निळ्या. मग गुडघ्यांवर रांगत फरशीवर लांब गेलेली.

यज्ञेशची मान त्याच्याबरोबर फिरत होती. निळी संपत आली तेव्हा त्याच्याने राहवेना.

"मम्मी, तो सगळी घेतोय!"

"असू दे बाळा. आपण घरी—"

"अगं, सगळी घेतोय तो! सोड ना!"

तो खांद्याखालून निसटला. फरशीवर घसरत गेला आणि केयूरच्या मुकुटात हात घातला. "ए, माझं!" "माझं बोरन्हाण!" "मग काय, लुटायचं असतं, तुला माहीत नाही?" स्वरदाने तेवढ्यात गंडेऱ्या उचलल्या. फ्रॉकचं टोक सुटलं. मग एकदम सगळी. डोकी आपटली. कोणीतरी बोरावर बसलं. मुरली मोडली आणि दोघांनी तिचे तुकडे करकरा खाल्ले. यज्ञेश केयूरच्या पाठीवर चढला होता आणि केयूर खालून किंचाळत होता, "अजून ओत, आई! अजून ओत!"

श्वेताने ओतलं. मग परात उचलून सगळीच ओतली.

"यज्ञेश, नंतर हात धुवायचे हं!" मृणालिनी म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला.

"सगळ्यांनीच धुवायचे," श्वेता म्हणाली. "केयूर पण. यज्ञेशचे हात बघ ना, काळेकुट्ट आहेत."

आणि ती हसली. कँटीनमधलं हसू. शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेलं असेल. सर्वेश मोबाइल विसरून तिच्याकडे बघत राहिला. मला वाटतं, इतक्या मोठ्याने त्यानेही ते बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

यज्ञेशने लुटलेलं एक बोर आईच्या तोंडासमोर धरलं. "खा." मृणालिनी थांबली. मग तिने ते घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. घरी जाऊन तिने ते खाल्लं की टाकलं, मला माहीत नाही. पण निघताना ती श्वेताला म्हणाली, "उद्या खाली येणार का?" श्वेता म्हणाली, "येऊ." बरा झाला की, असं म्हणाली नाही.

सगळे गेल्यावर हिशेब चुकता व्हायचा तो झालाच. घाम, धूळ, हलव्याची साखर. केयूर दोन्ही कोपरं भिंतीवर घासायला लागला. मानेवर लाली चढली. श्वेताने एका शब्दाने तक्रार केली नाही. दागिने उतरवले, कोमट पाणी काढलं, आंघोळ घातली, टिपलं. मी हॉलमध्ये चुरमुरे झाडत होते.

"आई!" न्हाणीघरातून तिची हाक आली.

काकी स्वयंपाकघरातून आल्या आणि दारात थांबल्या. दोन्ही हात पाठीमागे. झाडू ठेवून मीही त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"माझे हात भरलेत. जरा मलम लावा त्याला."

तिचे हात भरलेले नव्हते. एका हातात ट्यूब होती. दुसरा रिकामा होता. आम्हा तिघींनाही ते दिसत होतं.

"नको गो बाय," काकी म्हणाल्या. "तेका माझो हात नको."

"मी सांगते तसं लावा. चोळायचं नाही. नुसतं ठेवायचं आणि पसरायचं."

"माका जमाचा नाय."

"मुकुटाला अस्तर लावायला जमलं. टाके बाहेर घ्यायला जमलं." श्वेताने हात पुढे केला. "आणा इकडे बोट."

काकी तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पाठीमागचे हात पुढे आणले. पदराला पुसले. पुन्हा पुसले. उजव्या हाताची तर्जनी श्वेतासमोर धरली, शाळेतली मुलगी छडीसाठी धरते तशी. श्वेताने ते बोट आपल्या हातात घेतलं. ट्यूब दाबली. टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक पांढरी रेघ.

"कितक्या?" काकींनी विचारलं.

"एवढंच. पेरभर. दोन्ही कोपरांना पुरतं."

काकी खाली बसल्या. गुडघे कडकडले. केयूरने हात लांब केला. त्यांनी बोट कोपराच्या घडीत ठेवलं. मग त्यांनी ते हळूहळू फिरवलं, देवाच्या कपाळाला गंध लावताना फिरवतात तितकंच.

केयूरने डोळे मिटले.

"आजी," तो म्हणाला, "अजून जोरात."

काकींचा हात थांबला. श्वेताने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाय रे झिला," मालनकाकी म्हणाल्या. "हळूच."

त्याने जरा विचार केला. मग दुसरा हात पुढे केला.